वेलीची आई आणि वाळत घातलेला मासा

पुएर्तो कोन्सुएलो, उकायालीचा काठ
मे महिना, आईंच्या सणाचा दुसरा दिवस, सोमवार

आदरणीय आणि लाडक्या तोमासाताईस,

तुझी धाकटी तेओलिंदा, तिचा नवरा, अकरा कोंबड्या आणि उरलेलं एक बदक (दुसरं ईस्टरला गेलं, चवीला बरं होतं) या सगळ्यांचा तुला नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही सगळे धडधाकट आहोत, फक्त नदी यंदा स्वयंपाकघराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आली होती, पण चौथ्या पायरीचा मान राखून परत गेली. तुझे गुडघे कसे आहेत? लिमात म्हणे महिनोन्‌महिने ऊनच पडत नाही, तिथे गुडघ्यांनी तरी काय करावं! मागच्या खेपेला वील्देरच्या होडीतून अजगराच्या चरबीची बाटली पाठवली होती, ती चोळतेस ना? तुझ्या सुनेला वास येतो म्हणून तू ती कपाटामागे लपवून ठेवली आहेस, हे मला इथे बसून दिसतं. बाहेर काढ आणि चोळ. सुनेला सांग, माझ्या नवऱ्याने, खुद्द वैद्य माएस्त्रोंनी मंतरलेली आहे. (मंतरलेली नाही, त्या दिवशी ते मासे धरायला गेले होते. पण तिला काय कळतंय.)

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. आमच्या गावात फोन लागतो तो पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, आणि टाकीवरून मी लिमाशी जे बोलते ते खाली सत्तर घरं ऐकतात. आजची गोष्ट सत्तर घरांनी ऐकण्यासारखी नाही. त्यातल्या एका घराने तर मुळीच ऐकू नये, आणि ते घर माझंच आहे. म्हणून मी नवरा नदीवर गेल्याचं बघून, दार लावून, ओसीआस मास्तरांकडून आणलेल्या वहीच्या कागदावर हे लिहिते आहे. मला तुझा सल्ला हवा आहे. पण सल्ला देण्याआधी तुला आनंद व्हायला हवा, म्हणून आधी आनंदाची बातमी सांगते. ताई, मी पुस्तकात आले आहे. चारशे पानांचं, जाड पुठ्ठ्याचं, परदेशात छापलेलं पुस्तक. आपल्या घराण्यात आजवर कोणी पुस्तकात आलं नव्हतं. मृत्यूच्या नोंदवहीत मात्र सगळेच आले.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे लीवन नावाचा बेल्जियमचा गोरा परदेशी, ग्रिंगो, आला होता, ते मी तुला लिहिलं होतं. तोच तो, आमच्या घराच्या प्रत्येक तुळईला कपाळ आपटून प्रत्येक वेळी तुळईची माफी मागणारा. धंद्याने दातांचा डॉक्टर. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी, आणि त्या मुलीशी सहा वर्षं बोलणं बंद. का, तर बापाचा दवाखाना चालवायचा सोडून तिने त्याच दवाखान्याच्या समोर चॉकलेटचं दुकान काढलं. (मला विचारशील तर पोरीने बापाच्या धंद्याची सोयच केली होती. पण शिकलेल्या माणसांना साध्या गोष्टी कळत नाहीत.) हे दुःख घेऊन तो समुद्र ओलांडून आमच्या माएस्त्रोंकडे वेलीचा काढा प्यायला आला. पाच वेळा प्यायला, पाचही वेळा भरपूर ओकला, साप पाहिले, तारे पाहिले, आजोबा पाहिले, पण मुलीचं नाव काढलं की गप्प. मग माएस्त्रो म्हणाले, याला बारा दिवस पथ्यावर बसवायला हवं.

आता पथ्य म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू काही लिमातच जन्मलेली नाहीस. पण तुझी सून हे पत्र तुझ्या मागून वाचत असेलच, तर तिच्यासाठी सांगते. पथ्यावर बसलेला माणूस जंगलातल्या झोपडीत एकटा राहतो. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, मिरची नाही, साबण नाही, माणसाचा स्पर्श नाही आणि माणसाचा शब्द नाही. सकाळी माएस्त्रो जाऊन सालीचा काढा पाजतात, गाणं म्हणतात, परत येतात. स्वयंपाकीण भाजलेलं कच्चं केळं आणि एक अळणी मासा लाकडाच्या ओंडक्यावर ठेवते आणि वळून न बघता निघून जाते. यात सगळ्यात वाईट मीठ. पथ्यात मिठाचा कण गेला तर झाडाची आई, म्हणजे त्या औषधी झाडात राहणारी देवता, रागावते, आणि रोग्याला सोडून आधी वैद्याचा गळा धरते. त्याची गाणीच हिरावून घेते. म्हणून पथ्याची स्वयंपाकीण वैद्याच्या तोलाची लागते, हे मी नाही म्हणत, माएस्त्रोच म्हणतात (चारचौघांत नाही, पण म्हणतात). चौतीस वर्षं मी हे काम करते आहे. माझ्या स्वयंपाकघरात दोन चुली आहेत, दोन पळ्या आहेत, दोन पाटे आहेत, आणि खाऱ्या चुलीवरून अळणी चुलीकडे जाताना मी कोपरापर्यंत हात धुते. वरच्या गावच्या वैद्याच्या तीन स्वयंपाकिणी बदलल्या, पण तेओलिंदाच्या हातून मिठाचा कण गेला असं या नदीच्या दोन्ही काठांवर कोणी म्हणू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

तर लीवन पथ्य संपवून घरी गेला आणि त्याने पुस्तक लिहिलं. नाव आहे ‘वेलीने मला उलगडलं’. वर चित्र वाघाचं. (आपल्याकडे ठिपक्यांचा वाघ शेवटचा पाहिला तो वील्देरच्या काकांनी, तोही प्यायलेल्या अवस्थेत. पण वाघाशिवाय परदेशात पुस्तक खपत नसावं.) आता ते आपल्या भाषेत आलं, त्याने गावाला पाच प्रती पाठवल्या, आणि काल आईंच्या सणाला शाळेच्या छपराखाली ओसीआस मास्तरांनी ते वाचून दाखवलं. सगळं गाव न्हाऊनमाखून आलं होतं. कोणालाही लीवनच्या आत्म्याशी देणंघेणं नव्हतं, प्रत्येकजण आपण कुठे येतो याची वाट बघत होता.

पहिला मान वील्देरला. ‘आत्म्यांना पैलतीरी नेणारा मौनी नावाडी’. वील्देर मौनी! तो बोलतच होता गं, पुकाल्पापासून आठ तास अखंड बोलत होता, त्याच्या इंजिनाच्या आवाजात ग्रिंगोला ऐकू आलं नाही एवढंच. पण वील्देरची छाती अशी फुगली की काल संध्याकाळपर्यंत तो खरोखर मुका राहिला, आणि त्याच्या बायकोने मास्तरांकडे ते पुस्तक घरी ठेवायला मागितलं. मग आमचे माएस्त्रो. ‘ज्याच्या डोळ्यांत दोन जगांमधलं धुकं दाटलेलं आहे असा म्हातारा’. ते धुकं म्हणजे मोतीबिंदू. पुकाल्पाच्या डॉक्टरने तीनदा तारीख दिली आहे, हे जात नाहीत. आता तर मुळीच जाणार नाहीत. आणि मग आलं सगळं गाव. ‘पथ्य संपवून मी झोपडीतून बाहेर आलो, तेव्हा ही निरागस माणसं आश्चर्याने तोंडं उघडून माझ्यासमोर रांगेत उभी होती.’ ताई, दातांचा डॉक्टर बारा दिवसांनी बाहेर पडणार म्हटल्यावर कोण रांग लावणार नाही? माझी स्वतःची दाढ ठणकत होती. त्या बिचाऱ्याने सगळ्यांच्या तोंडात प्रेमाने पाहिलं आणि रडला. उपटला मात्र एकही नाही.

तेवढ्यात माझा नंबर आला. मी बाकावर सरळ बसले, नवीन झगा नीट केला. मास्तरांनी एकदा खाकरून वाचलं, ‘एक लठ्ठ, मुकी बाई रोज ओंडक्यावर बेचव केळं ठेवून जाई.’

बस्स. चारशे पानांत एवढंच. लठ्ठचं मला काही वाटलं नाही, डोळे आहेत त्याला. बेचवही जाऊ दे, पथ्याचं केळं बेचवच असायला हवं, ती माझ्या कामाची पावतीच आहे. पण मुकी! ताई, मी! शाळेच्या छपराखाली जे हसू फुटलं ते थांबेचना. क्लोरिंदा, आमची शेजारीण, बाकावरून खाली पडली आणि खालीच बसून हसत राहिली. आमचे माएस्त्रोसुद्धा हसले, धुक्यातून. आज सकाळपासून क्लोरिंदा तिसऱ्यांदा कुंपणाशी आली. “काय गं मुके, चिमूटभर मीठ आहे का घरात?” मी म्हटलं, “मीठ आहे, पण तुझ्या जिभेला आणखी कशाला हवंय?” तर म्हणते, “अगंबाई, मुकी बोलली! लिहा रे कोणीतरी पुस्तकात!”

आता ऐक, खरी गोष्ट यापुढे आहे. पुस्तकाचा सगळा जीव एका प्रकरणात आहे. पथ्याचा नववा दिवस. मास्तर ते वाचत होते तेव्हा बायका रडत होत्या, आणि क्लोरिंदाने नाक माझ्या शालीला पुसलं. लीवन लिहितो की त्या दिवशी आधी वेलीने त्याच्या जिभेवर समुद्राची चव ठेवली. त्याचं बालपण समुद्रकाठी गेलं होतं, त्या चवीने त्याचा बांध फुटला, तो मुलीला हाका मारून रडू लागला. आणि मग झाडी दुभंगली आणि वेलीची आई स्वतः प्रकट झाली. निळसर काळा चेहरा, डोक्यावर हिरव्या पानाचा मुकुट, डोळ्यांत वीज. तिने त्याला त्याच्या मुलीबद्दल असं काही सांगितलं की तो पथ्य संपताच थेट घरी गेला आणि सहा वर्षांनी मुलीच्या दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिला. बोलता येईना, नुसता उभा. मुलगी काउंटरमागून आली आणि तिने त्याच्या हातावर एक चॉकलेट ठेवलं. दातांच्या डॉक्टरने ते तिथेच, रस्त्यावर, सगळ्या पेशंटांच्या देखत खाल्लं. इथे मास्तरही डोळे पुसायला लागले आणि पुढचं पान त्यांच्या बायकोने वाचलं.

मी मात्र रडत नव्हते. मी बर्फासारखी बसले होते, कारण तो निळसर काळा चेहरा माझा होता.

आता सांगते काय झालं ते. त्याच आठवड्यात गावाचा वाढदिवस होता, आणि मला नाचात पिकलेले केस मिरवायचे नव्हते. म्हणून मी वितोचं कच्चं फळ किसून त्याचा रस डोक्याला थापला, जसा आई थापायची तसा, आणि झुल्यात पडले. पडले ती झोपलेच. रस ओघळून कपाळ, गाल, हनुवटीपर्यंत गेला आणि तू जाणतेस, वितोचा रंग एकदा चढला की दहा दिवस देवाचंही ऐकत नाही. जागी झाले तर आभाळ भरून आलेलं, आणि मला आठवला मासा. अख्खा पाइचे, मीठ लावून पट्ट्या करून वाळत घातलेला. कुठे वाळत घातला होता? तर ग्रिंगोच्या झोपडीमागे.

थांब, ओरडू नकोस. आधी माझं म्हणणं ऐकून घे. त्याच्या झोपडीसाठी तिथली झाडं तोडली होती, त्यामुळे गावातलं सगळ्यात कडक ऊन तिथेच पडायचं. शिवाय तिकडे जायला माएस्त्रोंची सगळ्यांना सक्त मनाई. कुत्रं नाही, कोंबडी नाही, क्लोरिंदा नाही. मासा वाळवायला इतकी सुरक्षित जागा पुऱ्या उकायालीवर मिळणार नाही. तीस वर्षांच्या अक्कलहुशारीने मी सगळ्यांचा विचार केला होता, फक्त झोपडीत राहणाऱ्याचा सोडून.

रस पावसात धुवून जाऊ नये म्हणून मी बिहाओचं एक मोठं पान डोक्यावर धरलं आणि पळाले. झाडीतून बाहेर येते तो काय! आमचा पथ्यावरचा रोगी, नऊ दिवसांच्या दाढीचा, गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही हातांत माझ्या पाइचेची पट्टी धरून चोखतो आहे, आणि चोखता चोखता मुलीला हाका मारून हंबरडा फोडतो आहे. ताई, माझ्या जिवाचं पाणी झालं. मीठ! पथ्यात! माझ्या माशाचं! त्या घाबरण्याचा राग झाला आणि तो सगळा त्याच्यावर निघाला. पथ्यावरच्या माणसाशी बोलू नये हा नियम मी विसरले. नऊ दिवस स्वयंपाकघरापर्यंत येणारं त्याचं ते नुसतं कण्हणं ऐकून माझे कान किटले होते, तेही बाहेर पडलं. मी म्हणाले, जसंच्या तसं सांगते:

“अरे मेल्या, इथे झाडापुढे काय रडतोस? झाड का तुझ्या पोरीला निरोप देणार आहे? ऊठ आणि जा. माणूस आहे तोवर त्याच्या दारात जाऊन उभं राहावं. तोंडातून शब्द फुटला नाही तर नुसतं उभं राहावं. तुझा मान मोठा की तुझं माणूस मोठं? मान घेऊन बसशील, आणि एक दिवस दार असेल, आत कोणी नसेल. आणि हातात धरलंयस ते आधी सोड!”

त्याने हात जोडले आणि पालथा पडला. मी पट्ट्या गोळा केल्या, खाल्लेली पट्टी ओळखून वेगळी काढली (ती कुत्र्याला घातली) आणि घरी आले. रंग उतरेपर्यंत दहा दिवस दाढेचं निमित्त करून तोंड शालीत गुंडाळून वावरले, म्हणून काल कोणाला काही उमगलं नाही. पुस्तकात या माझ्या बोलण्याची तीन पानं झाली आहेत, मध्ये एक नागही आहे. आणि शेवटच्या वाक्यावर तर त्याने वेगळं प्रकरण लिहिलं आहे, ‘हातात धरलंयस ते सोड’ या नावाचं, एकोणीस पानांचं. आसक्ती, अहंकार, जन्ममरण, सगळं आहे त्यात. मासा नाही. माझा आवाज त्याने ओळखला नाही यात नवल नाही, त्याच्या लेखी मला आवाजच नव्हता. मी मुकी ना! तो लिहितो की आई त्याच्याशी अशा भाषेत बोलली जी त्याला येत नव्हती पण सगळी कळली. आपलीच भाषा होती ती, जरा घाईघाईने बोलले एवढंच.

त्यानंतर पंधरा दिवस माएस्त्रोंचा गळा बसला होता. एक गाणं धड निघेना. त्यांनी ग्रिंगोच्या अत्तराला दोष दिला. मी आल्याचा काढा करून देत होते आणि खाली बघत होते. तेवढे पंधरा दिवस मी खरोखर मुकी होते, ताई, हे कबूल करते.

आता माझा पेच समजला ना? पुढच्या महिन्यात सान हुआनच्या सणाला लीवन परत येतो आहे. बरोबर मुलगी आहे, आणि पुस्तक वाचून पालटलेली चौदा माणसं आहेत. शिवाय होडीतून एक मूर्ती येते आहे, लाकडाची, वेलीच्या आईची, ती जिथे प्रकटली तिथे, म्हणजे माझ्या मासा वाळवायच्या दांडीखाली, बसवायची आहे. मास्तरांना फोटो आला आहे. निळा चेहरा, पानाचा मुकुट आणि कंबर एवढीशी! तुला शपथेवर सांगते, त्या दिवशी माझी कंबर एवढीशी नव्हती.

मी खरं सांगितलं, तर मी मुकी नाही हे साऱ्या जगाला कळेल. एका शिकलेल्या माणसाचं आयुष्य माझ्या सात-आठ वाक्यांनी मार्गी लागलं, बापाला मुलगी मिळाली. हे वेलीने नाही केलं, नागाने नाही केलं, या तेओलिंदाने केलं. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी का लपवू? पण ते सांगायचं तर मासाही सांगावा लागतो. मासा सांगितला की मीठ आलं, मीठ आलं की चौतीस वर्षांचं माझं नाव गेलं, आणि माएस्त्रोंचा तो सगळ्यात गाजलेला रोगी पथ्य मोडून बरा झाला हे वरच्या गावच्या वैद्यापर्यंत पोहोचलं. आणि गप्प राहिले, तर मी जन्मभर मुकी. तरी गप्प राहण्यात एक सुख आहे. क्लोरिंदाने कालच जाहीर केलं की ती रोज त्या मूर्तीच्या पायाशी फुलं वाहणार. माझ्या पायाशी, ताई! हा विचार करून मी आज सकाळी दोनदा एकटीच हसले.

कोणाला विचारू? माएस्त्रोंना विचारता येत नाही, पाद्री वर्षातून एकदा येतो, मास्तर सगळं बायकोला सांगतात. तू थोरली आहेस, तू सांगशील ते करीन. नीट विचार करून कळव, वील्देर शुक्रवारी पुकाल्पाहून परत निघतो.

घरातल्या सगळ्यांना माझ्याकडून आशीर्वाद, थोरल्या नातवाचे दात आले असतील तर चॉकलेट देऊ नका म्हणावं. देव तुझे गुडघे सांभाळो.

तुझी धाकटी,
तेओलिंदा
(पथ्याची स्वयंपाकीण, आणि ग्रंथाचा विषय)

ता. क. येणाऱ्या माणसाबरोबर केसांना लावायच्या काळ्या रंगाची दोन पाकिटं पाठव, दुकानातली, चेहऱ्यावर न उतरणारी. सान हुआनला मला कोणी ओळखावं की नाही ते ठरलं नाही, पण केस काळेच हवेत.

ता. क. दुसरा. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. माएस्त्रो आले, जेवले, झोपलेत. जेवतानाच मी त्यांना मासा सांगून टाकला. मला वाटलं आता आभाळ कोसळतं. तर ते म्हणाले, “मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याच्या दाढीत माशाचं खवलं होतं.” पंधरा दिवस या माणसाने मला आल्याचा काढा करू दिला, आणि चार वर्षं काही कळू दिलं नाही! मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, “तो बरा होत होता. आणि तू पंधरा दिवस गप्प होतीस.” म्हणजे आता मिठाची भीती गेली, वरच्या गावचा वैद्य काय म्हणायचं ते म्हणो, आणि ग्रिंगोला खरं सांगायला काही आडकाठी उरली नाही. तरी मी ते सांगणार नाही. का, ते तुला सांगायला हवं, आणि त्यासाठीच हे पत्र होतं. वरचं सगळं लिहिता लिहिता धीर गोळा करत होते.

ता. क. तिसरा. ती वाक्यं माझी नाहीत. तुला वाचतानाच कळलं असेल. एकोणीस वर्षांपूर्वी पुकाल्पाच्या धक्क्यावर ती तू मला ऐकवली होतीस. बाबा इस्पितळात होते, आणि मी होडीतून उतरायला तयार नव्हते, कारण त्यांनी माझ्या नवऱ्याला चेटक्या म्हटलं होतं आणि माझ्या लग्नाला आले नव्हते. तू अशीच ओरडलीस, माणूस आहे तोवर जा म्हणालीस, शब्द फुटला नाही तर नुसती उभी राहा म्हणालीस. लोक बघत होते. मी होडी परत फिरवायला लावली. त्या ग्रिंगोने परक्या बाईचं ऐकलं, आणि मी सख्ख्या बहिणीचं ऐकलं नाही. तू पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस, आणि पुन्हा कधी इकडे आलीही नाहीस.

म्हणून लीवनने विचारलं की वेलीची आई कुठे आहे, तर मी सांगणार आहे की ती लिमात राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणि तिचे गुडघे दुखतात. तू सान हुआनला ये. मूर्ती तुझी आहे, तूच बसव. मी भात शिजवून, कोंबडी घालून, पानात बांधून हुआने करून ठेवीन, मीठ घालून. वील्देरला सांगितलं आहे, तो तुला धक्क्यावरून उचलून होडीत बसवेल.

आणि बाबा शेवटी काय म्हणाले, ते मी तुला आजवर विचारलं नाही. आलीस की सांग.